सेवा करतं कोण, ते आधी सांगा

नशिराबादला एका गंधमुक्तीच्या कार्यक्रमात श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. एका वजनदार गृहस्थांनी दिवंगतांना दोन मिनिटांत उरकलं आणि उरलेला सगळा वेळ हॉस्पिसला, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या सेवेला, दिला. त्यांचं म्हणणं असं: मरणाऱ्या माणसाला परक्यांच्या हवाली करणं ही साहेबाची रीत. हॉस्पिस म्हणजे मुलांची पळवाट, वर पैशांचा धंदा. तिथे उपचार बंद करतात आणि अफूच्या गोळ्या देऊन माणसाला गुंगीत ठेवतात. आपल्याकडे माणूस आपल्या घरात जातो, त्याची सेवा घरच्यांनीच करायची असते. मंडपात माना डोलल्या. माझी डोलली नाही, म्हणून हा लेख.

किरकोळ मुद्दे आधी संपवू. धंदा म्हणाल, तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना सांभाळतंय, तेही पैसे न घेता. साहेबाची रीत म्हणाल, तर आधुनिक हॉस्पिस १९६७ साली लंडनला सुरू झालं हे खरं. पण अँजिओप्लास्टीही आपल्या पांझरेकाठी सापडलेली नाही, आणि ती करून घेताना गृहस्थांची संस्कृती आड आली नव्हती. उपचार बंद करतात म्हणाल, तर अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणारी सेवा, मिळालेले रुग्ण इतरांपेक्षा अडीच महिन्यांहून अधिक जगले. उलट निघालं की सगळं!

आता घरच्यांच्या सेवेचा मुद्दा. तो मी सहजासहजी सोडणार नाही.

ही सेवा करतं कोण? गृहस्थ? आपल्या भागात तोंडाचे कॅन्सर किती दिसतात हे कोणाला सांगायला नको. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या तेव्हापासून आजपर्यंत मिळतच आहेत. आजार हाताबाहेर गेला की गालाला आरपार भोक पडतं. जखम वाहते, वास सुटतो, माशा बसल्या तर अळ्या होतात. हे सगळं दिवसातून दोनदा पुसतं कोण? सून. नळीतून पातळ पेज सोडते सून. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा, तीही सून. आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा? तो काय आपोआप उकळतो? मुलगा केळीच्या बागेत असतो, नाहीतर दवाखान्याचे पैसे उभे करत फिरतो. त्याला मी दोष देत नाही. दोष देतो तो ओसरीवर बसून 'आमच्याकडे सगळं घरीच केलं हो' असं सांगणाऱ्यांना. त्या सुनेला गेल्या कित्येक रात्री सलग झोप नाही. तिला कोणी विचारलं का? मंडपात बायका मागे बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही बोलायला उभी राहिली नाही, कारण वक्त्यांच्या यादीत एकीचंही नाव नव्हतं.

बरं, माया आहे म्हणून हात आपोआप शिकतो, असंही नाही. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून त्या जखमेवर टाकली की वास बराच कमी होतो. एवढी साधी गोष्ट त्या बाईला कोणी सांगितलेली नसते, म्हणून ती खोलीत उदबत्त्या लावत राहते. वासामुळे नातवंडं आजोबांच्या खोलीत जायचं टाळतात आणि म्हातारा ते ओळखतो. आपल्या घरात, आपल्या माणसांत जाणं ते हेच का? प्रशिक्षित नर्स आठवड्यातून एकदा आली असती, तर ती पोरं खाटेजवळ बसली असती.

हा वाद मला नवा नाही. बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत की नाही, यावर अशाच ओसरीवर मी भांडलो आहे. तेव्हाही 'आमच्या आया घरीच बाळंत झाल्या' हे वाक्य छातीठोकपणे फेकलं जायचं. किती आया त्यातच गेल्या, हे कोणी मोजत नसे. आज त्याच घरातल्या सुनेला तिसरा महिना लागला की जळगावला सोनोग्राफीला गाडी निघते आणि संस्कृतीला काही होत नाही.

आणखी एक. परक्यांच्या हातात मरण नको म्हणणाऱ्यांना आयसीयू चालतो. घशात नळी, हात पट्टीने बांधलेले, भेटायची वेळ दहा मिनिटं, तीही काचेतून, आणि शेवटी बिलासाठी विकलेला जमिनीचा तुकडा. याला 'आम्ही काही कमी पडू दिलं नाही' म्हणतात. नको असलेल्या यंत्रांना आधीच लेखी नकार देऊन ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला मान्य केला. २०२३च्या जानेवारीत पद्धत सोपी झाली; आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे काम होतं. सातबाऱ्याचा उतारा काढण्यात केस पांढरे झालेल्यांना हा कागद जड जाऊ नये.

राहिली अफू. आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने खसखस पिकते आणि तिच्याच चिकापासून मॉर्फिन बनतं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं, की औषध दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी डॉक्टरांची भीती गेली नाही. कॅन्सरच्या वेदनेवर मोजून दिलेली गोळी माणसाला सहसा व्यसनी करत नाही. दर चार तासांनी गोळी आणि सोबत पोट साफ राहायचं औषध, इतकं साधं गणित आहे. गुंगी येते ती बहुधा पहिले काही दिवस. नंतर माणूस उठून बसतो, बोलतो, एखादा हिशेब सांगायचा राहिला असेल तर सांगतो.

मग निवड कशी करायची? नशिराबादच्या माणसाला वांद्रे चारशे किलोमीटरवर. शेवटच्या आठवड्यात तिथे न्या, असं मी म्हणणार नाही. घरी येणारी सेवा शोधावी. केरळात नव्वदच्या दशकापासून शेजारीपाजारी शिकून तयार झाले, नर्ससोबत घरोघर जाऊ लागले आणि २००८ साली त्या राज्याने त्याचं धोरणच केलं. आपल्याकडेही आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह सेवा छापलेली आहे. उपकेंद्रावर जाऊन ती मागावी, आशाताईंना विचारावं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. कोणीही भेटलं, तरी इमारत आणि फरशी बघत बसू नये. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडे आहे का? रात्री दोनला दुखणं वाढलं तर फोन कोण उचलेल? घरच्या बाईला ड्रेसिंग शिकवाल का, आणि तिला दोन दिवस माहेरी जायचं असेल तर रुग्णाला ठेवून घ्याल का? पैसे किती, ते आधी सांगाल का? उत्तर देताना जो अडखळेल, तो सोडावा. आणि हे सगळं ठरवताना खाटेवरच्या माणसाला विचारावं. त्याला कळत असतंच. त्याच्यासमोर कुजबुजणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त.