पेसमेकरनंतरची वेदना आणि 'कामावर केव्हा जाऊ?' हा प्रश्न

हृदयाची गती मंदावल्यामुळे वारंवार भोवळ येणाऱ्या रुग्णास पेसमेकर बसविला जातो, काही दिवसांत तो घरी येतो आणि लवकरच आपल्यापैकी कोणाच्या तरी चिकित्सालयाची पायरी चढतो. त्याचे प्रश्न दोनच असतात. खांदा दुखतो, काही तेल किंवा लेप द्याल का? आणि कामावर केव्हा जाऊ? पहिल्या प्रश्नास आपण फार तत्परतेने औषध देतो. दुसऱ्यास 'आता जपून राहा, कष्टाचे काम सोडा' एवढे सांगून मोकळे होतो. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे रुग्णाच्या हिताची नाहीत.

प्रथम वेदनेचा विचार करू. उपकरणाचे वजन जेमतेम 20 ते 30 ग्रॅम. ते बहुधा डाव्या अक्षकास्थीखाली, त्वचेखालच्या कप्प्यात ठेवून त्याची तार शिरेतून हृदयात नेतात. सुश्रुताचार्यांनी वक्ष व कक्षा यांच्यामध्ये सांगितलेले कक्षाधर मर्म येथून दूर नाही. व्रणाची वेदना दिवसागणिक उणावत जावी, हा स्वाभाविक क्रम. ती वाढू लागली, जागा लाल वा उष्ण झाली, स्राव आला अथवा ताप भरला, तर तो आपला रुग्ण नव्हे. त्याच दिवशी त्यास शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात धाडावे. फुगलेल्या कप्प्यात सुई घालून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सतत उचकी लागणे, पोटाचे स्नायू ठेक्यात उडणे किंवा पूर्वीसारखी भोवळ पुन्हा येणे, ही तार सरकल्याची लक्षणे असू शकतात. त्यांवर वातशामक काढा देत बसू नये.

ताप दिसला की त्रिभुवनकीर्ती, ही आपली हाताला बसलेली सवय येथे दोन प्रकारे घातक ठरू शकते. त्यातील वत्सनाभ हृदयाची लय बिघडवू शकतो. आणि ताप उतरला की कप्प्यातील संसर्ग झाकला जातो. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्या जागी अभ्यंग, स्वेदन, लेप, जलौका, अग्निकर्म यांपैकी काहीही नको. पंचकर्मासोबत शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र ठेवणाऱ्यांनी तर भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे की, पेसमेकर असलेल्या रुग्णास ते कायमचे वर्ज्य आहे. टेन्सचे यंत्रही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून लावू नये.

मग आपण करावयाचे तरी काय? सुश्रुतसंहितेतील व्रणितोपासनीय अध्याय पुन्हा उघडावा. व्रणिताची शय्या कशी असावी, त्याने दिवसा का झोपू नये, सुहृदांच्या प्रिय गोष्टींनी त्याची वेदना कशी हलकी होते, हे तेथे सांगितले आहे. आजच्या वेदनाशामक गोळीशी याचा काहीच विरोध नाही. शिवाय आपल्या पाहण्यात येणारे खांद्याचे पुष्कळसे दुखणे व्रणाचे नसून भीतीचे असते. तार निसटेल या धास्तीने रुग्ण हात छातीशी बांधून ठेवतो, घरची मंडळी त्यास पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, आणि दोन महिन्यांनी अवबाहुक घेऊन तो आपल्यापुढे बसतो. साधारण चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये, पाचएक किलोहून अधिक वजन त्या हाताने उचलू नये. परंतु त्या मर्यादेत बोटे, मनगट, कोपर आणि खांदा रोज हलवावाच. जेवण, आंघोळ, घडी घालणे ही कामे त्याच हाताने करू द्यावीत.

आता कामाविषयी. 'कोणते काम?' हे विचारल्याविना या प्रश्नास उत्तरच नाही. बैठे काम करणारा बहुधा एक-दोन आठवड्यांत रुजू होऊ शकतो. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार मात्र मांडवाखाली दोन्ही हात डोक्यावर धरून दिवसभर छाटणी करतो. नेमकी हीच हालचाल पहिले काही आठवडे निषिद्ध. शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली तर ऑक्टोबरची फळछाटणी दुसऱ्याकडून करवून घ्यावी, पण एप्रिलच्या खरड छाटणीस त्याने स्वतः उभे राहण्यास सहसा हरकत नसावी. बाग 'कायमची सोडा' असे त्यास का सांगावे? पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा उपकरणावरूनच जातो, त्याची पर्यायी व्यवस्था हवी. कांद्याच्या गोणीस इतक्यात हात नको. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील वेल्डिंग कामगाराचे प्रकरण याहून नाजूक. विद्युतप्रवाह किती, ठिणगी व केबल छातीपासून निदान दोन फूट राहते काय, हे उपकरण बसविणाऱ्या तज्ज्ञास विचारूनच ठरवावे. घरातील इंडक्शन शेगडीपासूनही तेवढेच अंतर राखावे. मोबाइल विरुद्ध बाजूच्या कानास लावावा आणि छातीवरच्या खिशात ठेवू नये.

पगार बुडेल म्हणून वेदना लपवून लवकर कामावर जाणारेही असतात. राज्य कामगार विमा योजनेतील कामगारास, अंशदानाच्या अटी पूर्ण असल्यास, आजारपणात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो. ही माहिती देणे हाही चिकित्सेचाच भाग समजावा.

8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविण्यात आला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे वीसहून अधिक उपकरणे बदलत लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले आणि कामही करत राहिले. आजची उपकरणे तर कित्येक वर्षे टिकतात. असे असता चाळिशी-पन्नाशीतील कष्टकऱ्यास आपण केवळ सावधगिरीपोटी घरी बसवितो, तेव्हा त्याच्या घरची चूल कोण पेटविणार याचाही विचार व्हावा.

यासाठी एक सूचना. दाखल्यावर 'हलके काम द्यावे' असे मोघम लिहू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलून 'अमुक तारखेपर्यंत डावा हात खांद्याच्या वर नेण्याचे काम नको, पाच किलोहून अधिक वजन नको, इतर कामास हरकत नाही' असे लिहावे, आणि फेरतपासणीचा दिनांकही त्याखाली घालावा. 'हलके काम' वाचून कारखान्याचा पर्यवेक्षक कामगारास परत पाठवितो. तारीख व मर्यादा वाचून तो त्यास जागा शोधून देऊ शकतो.