प्रमाणपत्र इमारतीचे, आग सदनिकेतली

इमारतीला आग लागली की पहिली विचारणा होते ती अग्निशमन यंत्रणेची. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये चौघांचा बळी गेला तेव्हा ती झाली. ताडदेव (जानेवारी २०२२) आणि गोरेगाव (ऑक्टोबर २०२३) येथील आगींनंतरही झाली. विचारणा रास्तच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन ते सादर करावे लागते. अनेक सोसायट्यांत हा सोपस्कार फाइलमध्येच पूर्ण होतो, ही गोष्ट वेगळी.

परंतु ही तपासणी पंप, पाण्याची टाकी, जिना यांची असते. सदनिकेच्या दाराआडची वायरिंग कोणी पाहत नाही, आणि शहरी आगींच्या कारणांत विद्युत दोष सातत्याने अग्रस्थानी असतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींतील तारा दिवे, पंखे आणि फार तर फ्रिज एवढ्याच बेताने टाकलेल्या. आज त्याच तारांवर दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर आणि गीझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. एमसीबी वारंवार पडू लागतो तो याच कारणाने. तेव्हा भार कमी करण्याऐवजी १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवला जातो. घरमालक समाधानी, इलेक्ट्रिशियनही मोकळा. तार मात्र भिंतीच्या आत तापत राहते. तारेला न पेलणारा एमसीबी बसवणे हा निव्वळ आत्मघात होय.

स्वयंपाकघरातील धोका तुलनेने परिचित आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण, एक्झॉस्ट फॅनचेसुद्धा, चालू वा बंद करू नये.

आगीत ज्वाळांइतकाच, पुष्कळदा अधिक, जीवघेणा ठरतो तो धूर. परळच्या आगीत १० वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओले सुती कापड नाकातोंडावर धरायला लावले होते. जिन्यात चपलांचे कपाट वा जुनी सायकल नसेल आणि खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप असेल, तर सुटकेला वाव राहतो. मुंबईतील असंख्य ग्रिल चोराच्या भीतीने कायमची बंद केलेली आहेत.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. बाहेरच्या रंगकामावर तिथे तासभर खल चालतो. सदनिकांतील वायरिंगची तपासणी सामाईक खर्चाने करून घेण्याचा ठराव मांडायला नवा कायदा लागत नाही. तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर मात्र क्वचितच आढळतो.