खरवडायची की वर चढवायची?

सुरतच्या पांडेसऱ्यात रंग ही रोजीरोटी आहे. जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग मिलांमध्ये पॉलिएस्टरचा ताका जेट मशीनमध्ये जातो, दाबाखाली 130 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि रंग धाग्याच्या आत शिरतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून उधना-जळगाव लाइनच्या गाडीने आलेल्या कितीतरी घरांची चूल यावर पेटते. त्याच घरांतली काही पोरं गणपतीच्या ऑर्केस्ट्रात, हळदीच्या रात्रीच्या कार्यक्रमात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात आणि त्यांच्यात एक वाद हटकून निघतो. दुकानात तेवढीच होती म्हणून काळी घेतलेली गिटार आता लाल किंवा आसमानी करून घ्यावी का? जुन्या वादकांचं उत्तर ठरलेलं असतं: हात लावू नकोस, आवाज जाईल. घरच्यांचंही ठरलेलं: वाजतेय ना, मग खर्च कशाला? दोन्ही म्हणण्यांत थोडंफार तथ्य आहे, पण खरी अडचण आहे तिथे दोन्हीकडून कुणी बोट ठेवत नाही.

आधी आवाजाचं पाहू. रंगाचा थर लाकडाला कोंडतो, नवा चढवला की आवाज दबतो आणि काढला की वाद्य मोकळं होतं, हा समज जुना आहे आणि त्याला वजनदार साक्षीदार आहेत. 1968 मध्ये बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या दोघांनीही आपापल्या एपिफोन कॅसिनो गिटारचा रंग घासून काढला. पण कॅसिनो आतून पोकळ असते. तिच्या पातळ फळ्या तारेबरोबर थरथरतात, तिथे थराचा काही परिणाम होत असेल असं मानता येतं. ऑर्केस्ट्रातली गिटार भरीव लाकडाची असते. तिचा आवाज चुंबकी पिकअप तारेच्या कंपातून उचलतो, मग तो पेडलमधून, अ‍ॅम्पमधून आणि शेवटी मांडवातल्या भोंग्यांतून बाहेर पडतो. एवढ्या प्रवासात बॉडीवरच्या रंगाचा वाटा ओळखून दाखवणारा कान मला तरी भेटलेला नाही. आवाजाच्या भीतीने थांबू नये.

पैशाचा मुद्दा जास्त खरा आहे, पण तो कुणाला लागू होतो ते पाहावं लागेल. 1950-60 च्या दशकांतली फेंडर किंवा गिब्सन कंपनीची गिटार मूळ रंगात असेल तर तिची किंमत वेगळी, आणि पुन्हा रंगवलेली असेल तर ढोबळमानाने निम्मी, असा जुन्या गिटारींच्या बाजाराचा हिशेब आहे. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलघर याची 1961 ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर याचं टोकाचं उदाहरण. वाजवून वाजवून तिचा बहुतेक रंग उडाला होता, लाकूड उघडं पडलं होतं. 2024 च्या ऑक्टोबरात लंडनच्या लिलावात ती जवळपास 9 लाख पौंडांना गेली. ती कुणी चकचकीत करून आणली असती तर खरेदीदाराने कपाळावर हात मारून घेतला असता.

उलट बाजूही तितकीच नामांकित आहे. हॅरिसनची ‘लूसी’ ही लेस पॉल 1957 ची, मूळची सोनेरी. आधीच्या एका मालकाने ती गिब्सनच्या कारखान्यात पाठवून लालचुटुक करून आणली आणि आज ती त्या लाल रंगानेच ओळखली जाते. त्याच हॅरिसनने 1967 मध्ये आपल्या फिकट निळ्या स्ट्रॅटवर स्वतःच भडक चमकते रंग फासले, त्यात बायकोचं नेलपॉलिशही वापरलं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने जोडतोड करून केलेल्या गिटारला सायकलचा रंग मारला होता. यांच्या किमती रंगवल्यामुळे पडल्या नाहीत. पण त्या वाढल्या त्या वाजवणाऱ्यामुळे, हे विसरून ‘हॅरिसननेही रंगवली होती’ असा दाखला घरी देणं म्हणजे शुद्ध लबाडी.

पांडेसऱ्यातल्या गिटारला दोन्ही हिशेब लागू नाहीत. दहा-पंधरा हजारांची कारखान्याची गिटार चार वर्षं वाजवल्यावर विकायला काढली तर मूळ रंगाचे वेगळे पैसे कुणी देत नाही. खराब रंगवलेली असेल तर मात्र नक्की कमी देतात. म्हणजे प्रश्न रंगवण्याचा कमी आणि कामाच्या दर्जाचा जास्त आहे.

त्या कामाची कल्पना बहुतेकांना नसते. स्वस्त गिटारवरचा कारखान्याचा थर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा असतो. हे पॉलिएस्टर साडीचं नव्हे, दगडासारखं कडक होणारं राळेचं पॉलिएस्टर. थिनरने ते हलत नाही. हीट गनने फुगवून पापुद्रे उचटावे लागतात, जरा जास्त वेळ गन धरली की खालचं लाकूड करपतं. एवढं करून हाती काय येतं? अपारदर्शक रंगाखाली कारखाने तीन-चार तुकडे जोडलेली बॉडी सहज खपवतात, मध्ये भराव असतो. लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून खरवडायला घेतलेल्या पोराला शेवटी सांध्यांच्या रेषा दिसतात.

खरवडलंच पाहिजे असाही काही नियम नाही. मिलमध्ये शेड बिघडलेला ताका पुन्हा रंगवायचा तर गडद रंगाकडेच जावं लागतं, कारण आधीचा रंग धाग्यातच बसलेला असतो. गिटारचा रंग पृष्ठभागावर असतो. जुना थर बारीक पाणी-पेपरने मंद करायचा, खड्डे लांबीने भरायचे, पांढरं प्रायमर मारायचं, की काळ्यावर आसमानीही खुलतो. फेंडरसुद्धा काही वेळा तयार सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडांकडे गडद होत जाणाऱ्या) बॉडीवरच गिऱ्हाइकाने मागितलेला रंग चढवून द्यायची. त्यासाठी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला 5 टक्के जादा घ्यायची, आणि रंग कुठले, तर ड्यूपाँट कंपनीचे मोटारीचे. प्रसिद्ध ‘फिएस्टा रेड’ हा मुळात 1956 च्या फोर्ड थंडरबर्डचा रंग. तेव्हा गाडीच्या रंगाने गिटारची शोभा जाते असं कुणी म्हणू नये. डेंटिंग-पेंटिंगवाला ज्याला सरसकट ड्युको म्हणतो त्याच घराण्याची ही गोष्ट आहे. आरपार दिसणारा रंग किंवा सनबर्स्ट हवा असेल तरच लाकडापर्यंत जावं लागतं, आणि तो हट्ट स्वस्त गिटारसाठी सोडून द्यावा.

आता ज्यावर फारसं कुणी बोलत नाही ते. व्हिडिओ बघून हे काम घरी करू पाहणारे बरेच आहेत. पांडेसऱ्यातली खोली म्हणजे एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात गॅस, तिथेच धाकटी भावंडं अभ्यासाला बसलेली. नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि त्याचा थिनर भडकन पेट घेतात. हार्डनर मिसळून मारायच्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे थोडासा वासही पुरतो. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. हा मुद्दा कारागिरालाही लागू आहे. आपल्याकडे नाकाला फडकं बांधून दिवसभर स्प्रे गन चालवणारे कारागीर रस्त्यावर दिसतात. आपल्या हौसेचा भार त्यांच्या फुप्फुसांवर टाकायचा नसेल तर उघड्या शेडमध्ये, धड मास्क लावून काम करणारा शोधावा आणि त्याने जास्त मागितले तर द्यावेत. मला या सगळ्या वादात हाच खर्च खरा वाटतो. बाकीचे हौसेचे हिशेब.

वेळेचीही गंमत आहे. प्रत्येकाला गिटार गणपतीच्या आधी हवी असते, म्हणजे रंगकाम आषाढ-श्रावणात. सुरतच्या दमट हवेत लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि गुळगुळीत लाल रंगावर दुधी झाक चढते. मग पुन्हा घासा, पुन्हा मारा. लॅकर वरून सुकलं तरी आत मऊ असतं, पुरतं कडक व्हायला आठवडे जातात. घाईत तारा चढवून पट्टा अडकवला की पट्ट्याचा ठसा कायमचा उमटतो.

तेव्हा माझं मत असं. गिटार जुनी आणि मूळ रंगातली असेल, आजोबांच्या काळची एखादी परदेशी चीज असेल, तर हात लावू नये, रंग उडालेला असला तरी. कारखान्याची साधी असेल, मालक ती वर्षानुवर्षं वाजवणार असेल आणि रंग बदलला की पोराला ती उचलावीशी वाटणार असेल, तर खुशाल रंगवावी. उचलावीशी वाटणं हेही काही कमी कारण नव्हे. पण खरवडून नाही, वर चढवून, आणि घरी नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत फक्त बॉडी कारागिराकडे द्यावी. नेक, पिकअप, ब्रिज सुटे करून घरी ठेवावेत, ब्रिजखाली येणारी अर्थिंगची तार आत सरकवून चिकटवावी, नाहीतर परत जोडताना ती सापडत नाही आणि गिटार घूं घूं करते. नेक बसते ती खाच मास्किंग टेपने झाकायला कारागिराला बजावावं. तो मोटारी रंगवतो, त्याला ही खाच म्हणजे रंगवायची राहिलेली जागा वाटते. तिथे दोन कोट जादा बसले की नेक आत जात नाही, ठोकून बसवली तर कडेचा रंग तडकतो.

आणि आसमानीच हवा की दोन महिन्यांत पुन्हा मन बदलेल, हे ज्याला ठाऊक नाही त्याने आधी रेडियमवाल्याकडे जावं. मोटरसायकलींना विनाइल चिकटवणारे हे लोक गिटारची सपाट बॉडी सहज गुंडाळून देतात. कडांना हीट गन लावून ताणावं लागतं, बॉडीच्या शिंगांच्या वळणावर सुरकुती पडते, पण कारखान्याच्या कडक थरावरून ते नंतर सोलून निघतं. एक मोसम वाजवून बघावी, सोबत पिकगार्ड पांढरं लावून बघावं. त्यानंतरही रंगच हवा असेल तर पेंटरला ॲडव्हान्स द्यावा.