वेग मोजावा की पोहोच?

पुणे महानगर प्रदेशातील वाहतुकीच्या निरनिराळ्या पर्यायांची तुलना बहुधा वाहनांचा वेग किती वाढेल व प्रवासाची किती मिनिटे वाचतील, यावरच केली जाते. हा निकष अपुरा आहे, किंबहुना अन्यायकारकही आहे. कारण सोयीअभावी जो घराबाहेरच पडत नाही, त्याची वाचणारी मिनिटे शून्यच भरतात. वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी अभ्यासकाने 1959 मध्येच वेगळे माप सुचविले होते: एखाद्या ठिकाणाहून किती रोजगार, किती शाळा, किती दुकाने आवाक्यात येतात, ते मोजावे आणि जे दूर त्याचे मोल कमी धरावे.

मुळशी तालुक्याला हे माप लावून पाहावे. माण ते शिवाजीनगर हा सुमारे 23 किलोमीटरचा मेट्रोमार्ग याच तालुक्यात सुरू होतो. पुण्याच्या पश्चिम वर्तुळमार्गाची आखणीही येथूनच गेली आहे. हिंजवडीच्या अभियंत्याला दोन्ही लाभतील. परंतु धरणापलीकडच्या गावातील विद्यार्थिनीला तासाभरात पौडचे तहसील कार्यालय वा पिरंगुटचा कारखाना गाठता येईल काय? तिच्या लेखी एसटीच्या दोन जादा फेऱ्या वर्तुळमार्गाहून मोलाच्या ठरतील, आणि खर्च तर त्यापुढे नगण्यच! (याच खोऱ्याच्या पाण्यावरील वीज मुंबईला गेली, हे येथे आठवते.) प्रत्येक पर्यायापुढे असा गावनिहाय तक्ता जोडलेला नसेल, तर नागरिकांनी हरकती नोंदवाव्यात तरी कशाच्या आधारे?