‘हुशार, पण धांदरट’

चाळिशीतला एखादा कारकून ‘चित्त एका जागी ठरत नाही, तपासून पाहा’ म्हणत मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, की कचेरीत कुजबुज सुरू होते: सवलत लाटण्याचे निमित्त! पण सवलत आहे कुठे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अवधानाच्या या विकाराचे, म्हणजे ‘एडीएचडी’चे, नावच नाही. उलट लक्षणे बालपणापासूनची असल्याचे दाखवावे लागते. २०१३ च्या अमेरिकी निकषांनुसार बाराव्या वर्षाआधीची. प्रगतिपुस्तके वाळवीने खाल्लेली, आईवडील हयात नाहीत. (असती तरी त्यांवर शेरा ‘हुशार, पण धांदरट’ एवढाच!) अशा वेळी डॉक्टरांनी थोरल्या बहिणीची साक्षही ग्राह्य धरावी, केवळ कागद नाहीत म्हणून माणसाला दारातून परत पाठवू नये.