किर्लोस्करवाडीचं खरं भांडवल

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की आपल्याकडे 'चिकाटी' हा शब्द ठरलेला. शाळेत इतकी वर्षं मुलांची भाषणं ऐकली, त्यांतही तोच. ओसाड माळावर नंदनवन फुलवलं वगैरे वगैरे... चिकाटी होतीच, नाही कोण म्हणतो? पण नुसत्या चिकाटीवर कारखाने उभे राहिले असते, तर आमच्या माण तालुक्यात घरटी एक कारखाना असता! दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या माणसाला चिकाटी काय शिकवायची? तरीही इथली पोरं पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला जातात. म्हणजे आणखी काहीतरी लागतं. ते काय, याचा थोडा विचार करू या.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं. मग यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. म्हणजे मूळचे मास्तरच, आमच्याच जातकुळीतले! तिथली बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. भावाबरोबर बेळगावात १८८८ पासून सायकलींचा धंदा होताच. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

हा नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. हे सांगताना आपण शेतकऱ्याला अडाणी ठरवून हसतो. मला ते पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, फाळ लोहार बसवायचा, आणि दोघांना सुगीला बलुतं द्यायचं. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि तो मोडला तर ऐन पेरणीत जायचं कुणाकडे? ज्याचं वर्ष एका पावसावर अवलंबून, तो अनोळखी वस्तूवर विश्वास कसा ठेवील? लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला नावं न ठेवता नांगर सुधारला, ही मला त्यांची मोठी गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट. बेळगावातली जागा नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी घेतली आणि कारखाना रस्त्यावर आला. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे झाले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी! जमीन म्हणजे निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतांनी माणूस पाहून पैसे दिले. आणि लक्ष्मणरावांनी तोच विश्वास पुढे दिला. शिक्षा भोगून आलेल्या, गुन्हेगार म्हणून गावाने टाकलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे राखणदार नेमलं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा शिरस्ता ठेवला. ज्याच्यावर कुणी भरवसा ठेवत नाही त्याच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, याला छाती लागते. पुढे १९३९ मध्ये आमच्या शेजारच्या आटपाडीजवळ, औंध संस्थानातच, स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत निघाली. त्या मातीतच हे असावं.

याउलट एक उदाहरण. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्समध्ये मर्थर टिडफिल म्हणून गाव आहे. तिथल्या सिफार्थ्फा या लोखंडाच्या कारखान्याचे मालक क्रॉशे घराणं. कारखान्याने तोफा ओतल्या, मालकाने समोर किल्ल्यासारखा वाडा बांधला. शेवटचे मोठे मालक रॉबर्ट क्रॉशे यांनी कामगार संघटनेपुढे नमण्यापेक्षा १८७४ साली कारखानाच बंद केला. गावाची चूल विझली. १८७९ साली ते वारले. त्यांच्या थडग्यावरच्या प्रचंड शिळेवर नावाखेरीज एवढंच कोरलंय, 'देवा, मला क्षमा कर'. आपल्याकडे मात्र पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून वाडीत नांगर झाले.

वाडीत सगळं गोड होतं असंही नाही बरं का. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत तोच कारखाना जाळला गेला. विश्वास एकदा मिळवला की कायमचा राहतो, असं नसतं. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला.

आता आमच्या म्हसवडचं. इथली लोहारकाम करणारी एक बाई. पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची म्हणून रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण खातं कुणी उघडून देईना. त्यातून चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँकेची खटपट सुरू केली. बायका अंगठेबहाद्दर म्हणून पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ साली परवाना मिळाला. घण मारणारीला चिकाटी काय कमी होती? अडलं होतं ते तिच्यावर भरवसा ठेवणाऱ्या माणसावाचून.

म्हणून म्हणतो, लक्ष्मणरावांच्या जयंतीला मुलांना चिकाटीचे धडे जरूर द्यावेत. पण गावातल्या पैसेवाल्यांना, पतसंस्थांच्या संचालकांना, आम्हा पेन्शनरांनाही त्याच दिवशी पंतप्रतिनिधींची गोष्ट सांगावी. वर्कशॉप काढायचं म्हणणारं पोर दारात आलं की आपण आधी 'तारण काय?' विचारतो. पंतांनी काय पाहिलं होतं? निवडुंगाच्या माळावर उभा असलेला एक माणूस. बस्स.

पाहा पटतंय का.