फणी रेनोची, नाव दुसऱ्याचे

दादर स्थानकातल्या सरकत्या जिन्यापाशी आलेली बाई आधी साडीच्या निऱ्या मुठीत धरते आणि मगच पहिल्या पायरीवर पाऊल टाकते. वर पोहोचता पोहोचता तिची नजर पुन्हा खाली जाते. पायऱ्या जिथे जमिनीच्या पोटात शिरतात, तिथे धातूची एक फणी बसवलेली असते. पायरीवरच्या खाचांत फणीचे दाते शिरलेले असतात, त्यामुळे चपलेची कड फटीत ओढली न जाता अलगद वर उचलली जाते. दाता तुटला तर तो ताबडतोब बदलावा लागतो. मुंबईत, लंडनमध्ये, टोकियोत, कुठल्याही सरकत्या जिन्यावर ही फणी भेटतेच. ती ज्याच्या यंत्रातून आली, त्याची कंपनी मात्र १९११ साली विकली गेली आणि तिचे नाव बाजारातून पुसले गेले.

त्याचे नाव जेसी रेनो. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ मध्ये मारल्या गेलेल्या जनरल रेनोंचा हा मुलगा. लिहाय विद्यापीठातून तो इंजिनिअर झाला. १५ मार्च १८९२ रोजी त्याला एका फिरत्या उतरणीचे पेटंट मिळाले. त्याच्या यंत्राला पायऱ्या नव्हत्या. तिरकस पट्टा, त्यावर ओळीने बसवलेल्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर चढाच्या दिशेने काढलेले कंगोरे, अशी त्याची रचना. उतारावर उभे राहायचे आणि वर जायचे. माणसाचा बूट टोकाशी अडकू नये म्हणून कंगोऱ्यांच्या मधल्या खाचांत दाते बसवायचे, ही युक्ती साधी आहे आणि म्हणूनच सव्वाशे वर्षे टिकली आहे.

१८९६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या धक्क्यावर रेनोने हे यंत्र लोकांसाठी खुले केले. चढ होता अवघा सात फुटांचा. एवढ्याशा चढासाठी यंत्र कशाला, असे आज वाटेल. पण लोक उंची गाठायला आलेच नव्हते. पायाखालची जमीन चालते म्हणजे काय होते, ते त्यांना अनुभवायचे होते. दोन आठवड्यांत सुमारे पाऊण लाख माणसे त्यावरून गेली असे सांगतात. नंतर हेच यंत्र ब्रुकलिन पुलापाशी महिनाभर चालवून पाहिले गेले. मोठ्या दुकानदारांना त्यातले मर्म लगेच कळले. गिऱ्हाईक जिना चढायचा कंटाळा करते, त्यामुळे वरच्या मजल्यावरचा माल पडून राहतो. जिनाच चालू लागला तर गिऱ्हाईकही वर येईल. १८९८ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समध्ये याच धर्तीचा एक फिरता पट्टा बसला. वर पोहोचलेल्या घाबऱ्याघुबऱ्या गिऱ्हाइकांना तिथे ब्रँडी आणि हुंगायची औषधी मिठे दिली गेली, ही हकिगत प्रसिद्धच आहे.

याच काळात चार्ल्स सीबर्गर नावाचा दुसरा माणूस दुसऱ्या वाटेने निघाला होता. जॉर्ज व्हीलरचे पेटंट विकत घेऊन त्याने खऱ्या, सपाट पायऱ्यांचा जिना घडवला. लिफ्ट बनवणाऱ्या ओटिस कंपनीने त्याला जवळ केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या जिन्याला पहिले पारितोषिक मिळाले. रेनोचे यंत्रही तिथे मांडलेले होते. सीबर्गरने आपल्या जिन्यासाठी लॅटिनमधल्या जिन्याच्या शब्दावरून एक नाव बनवले आणि त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. ते नाव होते एस्कलेटर.

सीबर्गरच्या पायऱ्यांवर उभे राहणे सोपे होते, उतरणे अवघड. पायऱ्या गुळगुळीत, खाचा नाहीत, म्हणून फणीही नाही. शेवटी एक तिरका कठडा प्रवाशाला बाजूला ढकलायचा आणि त्याला तिरपे पाऊल टाकून उतरावे लागायचे. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट स्थानकावर ऑक्टोबर १९११ मध्ये बसलेले पहिले जिने असेच होते. रेनोचे नेमके उलट. उतारावर तोल सांभाळणे कठीण, उतरणे मात्र सहज. दोघांकडे अर्धे अर्धे उत्तर होते.

ओटिसने १९१० मध्ये सीबर्गरचे हक्क घेतले आणि पुढच्याच वर्षी रेनोचे. १९२० च्या दशकात सपाट पायऱ्यांवर रेनोच्या खाचा काढल्या गेल्या, टोकाला फणी बसली आणि आजचा जिना तयार झाला. लंडनच्या क्लॅपहम कॉमन स्थानकावर असा फणीचा जिना १९२४ मध्ये आला. यंत्र सुधारले, यात वाद नाही, आणि दोन्ही पेटंटे एका छताखाली आल्यामुळेच ते जमले हेही मान्य करावे लागेल. पण नव्या जिन्याने सीबर्गरचा शब्द घेतला, ओटिसची पाटी घेतली आणि रेनोकडून फक्त काम घेतले. उद्योगाचा इतिहास असा विकत घेणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो. खरेदीखतात कल्पनेची किंमत लावली जाते. कर्त्याचे नाव जपण्याची जबाबदारी त्यात कोणावरच येत नाही.

रेनोच्या हातचे काही उरले, तेही योगायोगाने. लंडनच्या हॉलोवे रोड स्थानकात १९०६ मध्ये त्याने विल्यम अ‍ॅस्टन यांच्यासह चक्राकार सरकता जिना उभारला होता. गोल विहिरीसारख्या कूपात वळत वर जाणारा जिना! तो प्रवाशांच्या उपयोगी पडलाच नाही आणि तिथेच विसरला गेला. १९८८ मध्ये त्याचे गंजलेले अवशेष त्या कूपाच्या तळाशी सापडले. आज ते लंडनच्या वाहतूक संग्रहालयाच्या अ‍ॅक्टन इथल्या कोठारात आहेत.

एस्कलेटर हा शब्द सगळ्यांचा झाला, तोही आता अस्तंगत झालेल्या एका कंपनीमुळे. ओहायोतल्या टोलेडो गावची हॉटन एलिव्हेटर कंपनी लिफ्ट आणि सरकते जिने बनवायची. एका स्पर्धकाच्या मालकीचा शब्द टाळून आपला माल विकायचा कसा, हा तिचा रोजचा प्रश्न. तिने नोंदणी रद्द करण्याची मागणी केली. ओटिसने स्वतःच जाहिरातींत आणि पेटंटच्या कागदांत हा शब्द सामान्यनामासारखा वापरला होता, हा मुद्दा निर्णायक ठरला. १९५० मध्ये नोंदणी रद्द झाली. पुढे १९७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या शिंडलरने हॉटन विकत घेतली. काही वर्षे शिंडलर-हॉटन असे जोडनाव चालले, मग त्यातले हॉटन गळून पडले. वेस्टिंगहाउसचा लिफ्ट विभागही १९८९ मध्ये शिंडलरकडेच गेला.

इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनने मात्र वेगळा मार्ग दाखवला. एक्स्प्रेस लिफ्ट कंपनीने तिथे लिफ्ट तपासण्यासाठी १२७ मीटर उंच मनोरा बांधला होता. १९८२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कंपनी ओटिसकडे गेली, कारखाना बंद पडला, त्या जागेवर घरे उभी राहिली. मनोरा पाडू दिला नाही. १९९७ मध्ये, म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांच्या त्या काँक्रीटच्या खांबाला, संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. आजही तो त्या घरांच्या मधोमध उभा आहे.

मुंबईने हे करायला हवे आणि लवकर करायला हवे. फोर्ट, गिरगाव, दादरच्या जुन्या इमारतींत सरकत्या जाळीच्या दारांच्या, लाकडी पाठीच्या लिफ्ट अजून काही ठिकाणी चालतात. पुनर्विकास ठरला की रहिवासी भांडी, कपाटे, देव्हारा हलवतात; लिफ्ट भंगारात जाते आणि तिच्या दारावरची पितळी पाटीही वजनावर विकली जाते. त्या पाटीवरची कंपनी पुष्कळदा आधीच बंद झालेली असते, म्हणजे तिची तेवढीच खूण शहरात उरलेली असते. सुरक्षिततेसाठी राज्यात १९३९ पासून लिफ्टचा कायदा आहे आणि २०१७ च्या कायद्याने सरकते जिनेही त्यात आणले. त्यापायी अर्ज, नकाशे, तपासणीचे शेरे सरकारी दप्तरांत साठत आले आहेत. इमारत पाडायच्या वेळी हे कागद रद्दीत न घालता अभिलेखागाराकडे द्यावेत, पाटीचे आणि यंत्रघराचे फोटो काढून ठेवावेत, एवढी अट घालायला फार खर्च येत नाही. बेस्टने आणिक आगारात आपल्या गाड्यांचा इतिहास जपला आहे. तशीच जागा शहराच्या लिफ्टना मिळावी. जाळीच्या दाराची एक लिफ्ट, तिचे मोटारघर आणि नकाशांसाठी एक कपाट एवढ्यावर सुरुवात होईल. आणि ज्यांनी तीस-तीस वर्षे दांडा फिरवून या लिफ्ट मजल्याशी बरोबर जुळवल्या, आवाजावरून बिघाड ओळखला, त्या लिफ्टमनना गाठून त्यांच्या आठवणी आधी नोंदवाव्या लागतील, कारण त्यांतले बहुतेक आता सत्तरीच्या पुढे आहेत.